सगळी उत्तरे हाती नसताना ख्रिस्ती विश्वासाने जगणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल अभ्यासाच्या गटांत, तरुणांच्या मेळाव्यांत, आणि विशेषतः ज्यांच्या घरातले अर्धे नातेवाईक ख्रिस्ती नाहीत अशा कुटुंबांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, त्यांपैकी काही येथे घेतले आहेत. प्रत्येक प्रश्नाचे पूर्ण उत्तर देता आलेले नाही, आणि काही ठिकाणी तसा प्रयत्नही केलेला नाही.

शंका येणे म्हणजे विश्वास कमी असणे का?

मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येशूकडे येतो, आणि आपला विश्वास आहे असे म्हणताना त्याच श्वासात आपल्या अविश्वासावर उपाय करण्याची विनवणीही करतो. येशू त्याला आधी शंका मिटवून ये असे सांगत नाही. मुलगा बरा होतो. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातील प्रसंग तर याहून स्पष्ट आहे. पुनरुत्थित प्रभूला गालीलातील डोंगरावर पाहून शिष्यांनी नमन केले, पण काहींना संशय वाटला, असे मत्तय सरळ लिहून ठेवतो. त्यानंतर लगेच सर्व राष्ट्रांत जाण्याची आज्ञा येते, आणि ती देण्यापूर्वी संशय असलेल्यांना बाजूला काढलेले नाही.

याकोबाच्या पत्रात संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेची उपमा दिली आहे, हे वचन या ठिकाणी हमखास पुढे केले जाते. त्याच परिच्छेदात याकोब दुमनस्क, म्हणजे मन दोहोंकडे असलेल्या, माणसाविषयी बोलतो. देवाकडे मागायचे, पण त्याचे म्हणणे ऐकण्याची तयारी ठेवायची नाही, अशा माणसाला ते लागू पडते. ज्याला खरोखर कळत नाही आणि म्हणून जो विचारतो, त्याच्यावर हे वचन फेकणे अन्याय्य आहे. ज्याच्याजवळ बुद्धी उणी असेल त्याने मागावी, देव दोष न लावता देतो, हे वाक्य त्याच परिच्छेदाच्या आरंभी आहे, आणि ते मात्र फारसे कुणी ऐकवत नाही.

ज्यांना आपण विश्वासाचे आदर्श मानतो त्यांनाही असे प्रश्न पडले होते का?

पडले होते, आणि महाराष्ट्रात त्याचे सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाई हे आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘धर्मांतर केले, म्हणजे सर्व काही पटले’ अशी त्यांच्या भोवतालच्या इंग्रज मंडळींची अपेक्षा होती. रमाबाईंना सर्व काही पटले नव्हते, आणि तसे त्यांनी लपवलेही नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्रैक्याचा (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, बिशपांचा अधिकार अशा विषयांवर त्या अगदी तपशिलात जाऊन वाद घालतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तसल्याच दुसऱ्या जोखडाखाली मान देण्याची आपली तयारी नाही, असे त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना कळवले. ज्यांनी आश्रय दिला, त्यांनाच हे लिहायचे म्हणजे मोठे धाडस होते. सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला.

तो अहंकार होता का? या लेखकाला तसे वाटत नाही. अहंकारी माणूस वाद जिंकला की थांबतो. रमाबाई शोध करीत राहिल्या, आणि उत्तरांची वाट पाहत हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. 1889 साली मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केले आणि विधवांच्या शिक्षणाचे काम हाती घेतले. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहिले की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी. याचा अर्थ, शारदा सदन उभे राहिले तेव्हा त्यांचा विश्वास त्यांच्याच मोजमापाने अपुरा होता. 1896–97 च्या दुष्काळात उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणले, तिथे मुक्ती सदन वाढले, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम त्यांनी तडीस नेले. ज्या ग्रंथाविषयी इतके प्रश्न विचारले, त्याच्याच सेवेत त्यांचे शेवटचे दिवस गेले. 1922 साली त्यांचे निधन झाले.

मग ठामपणे धरायचे तरी काय?

थोडेच, पण घट्ट. प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणायला मिनिटभरही लागत नाही. निर्माणकर्ता पिता, देहधारी झालेला, वधस्तंभावर मरण पावलेला आणि पुन्हा उठलेला पुत्र, पवित्र आत्मा, मंडळी, पापांची क्षमा, देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन, इतके त्यात आहे. त्यात काय नाही तेही पाहावे. पृथ्वीचे वय त्यात नाही. ख्रिस्ताच्या मरणाने आपले तारण नेमके कोणत्या रीतीने साधले याची एकच एक उपपत्तीही त्यात नाही; खंडणी, विजय, प्रायश्चित्त, समेट अशी निरनिराळी चित्रे पवित्र शास्त्रात शेजारी शेजारी आहेत, आणि प्राचीन सार्वत्रिक धर्मसभांनी त्यांपैकी एखाद्यावरच शिक्का मारून इतर बाद केलेली नाहीत. 325 साली नायसियाच्या धर्मसभेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले, तेव्हाही देवाचे गूढ उलगडून दाखवल्याचा दावा केला नव्हता. कोणते बोलणे विश्वासाबाहेरचे ठरेल याची हद्द आखली होती. आपल्याला ज्याचे पूर्ण आकलन झाले तो देव नव्हेच, असे प्राचीन मंडळीचा थोर शिक्षक ऑगस्टीन याने आपल्या एका प्रवचनात सांगितले आहे, आणि त्याच्याइतके देवाविषयी लिहिणारे फार थोडे झाले.

ख्रिस्ताच्या पुनरागमनाच्या दिवसाबद्दल तर खुद्द येशूच म्हणतो की, तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कुणालाही, स्वर्गातील दूतांना आणि पुत्रालाही, ठाऊक नाही. एवढे असूनही युद्ध पेटले किंवा ग्रहण लागले की व्हॉट्सअ‍ॅपवर तारखांचे तक्ते फिरू लागतात. असे तक्ते पुढे न पाठवणे ही नम्रतेची अगदी सोपी कसोटी आहे.

पंथापंथांत इतके मतभेद आहेत. त्यांतले खरे कोणते हे ठरल्याशिवाय एकत्र कसे राहावे?

राहता येते, आणि ते आपल्याच राज्यात घडले आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे आपल्या बोलण्यातले सीएनआय, स्थापन झाले. त्यांत काही लहान मुलांचा बाप्तिस्मा करणाऱ्या होत्या, तर काही केवळ स्वतः विश्वास कबूल करणाऱ्या प्रौढांचाच बाप्तिस्मा ग्राह्य धरणाऱ्या होत्या. हा वाद शतकानुशतकांचा आहे आणि त्यापायी युरोपात माणसे मारली गेली आहेत. नागपुरात तो सुटला नाही. दोन्ही प्रथा एकाच मंडळीत मान्य केल्या गेल्या आणि आईबापांच्या विवेकाला जागा ठेवली गेली. सीएनआयमध्ये पुढे मालमत्तेवरून आणि पदांवरून काय काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे; पण ते बाप्तिस्म्याच्या प्रश्नावरून झाले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रार्थना करूनही आजार बरा झाला नाही. आमचा विश्वास कमी पडला का?

नाही. हे उत्तर मात्र निःसंदिग्धपणे देता येते, कारण पवित्र शास्त्रातच त्याला पुष्कळ आधार आहे. पौलाने आपल्या देहातील काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली आणि तो निघाला नाही. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या वारंवार होणाऱ्या दुखण्यासाठी पौल त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, म्हणजे घरगुती औषधच सुचवतो. दुसरा सहकारी त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून यावे लागले, हे त्याच पौलाने एका ओळीत लिहिले आहे आणि त्याचे कुठलेही स्पष्टीकरण दिलेले नाही. गेथशेमाने बागेत तर दुःखाचा प्याला टळावा ही प्रार्थना प्रत्यक्ष पुत्राने केली होती. या सर्वांचा विश्वास कमी पडला असे म्हणण्यास कुणी धजणार नाही. मग डायलिसिसवर असलेल्या शेजारणीबद्दल ते इतक्या सहज कसे म्हटले जाते?

यामागे जो हिशेब असतो, की दुःख आले म्हणजे काहीतरी चुकले असणार, तो येशूने दोनदा स्पष्ट शब्दांत नाकारला. शिलोहातील बुरूज कोसळून 18 माणसे मेली. ती यरुशलेमेतील इतरांहून अधिक अपराधी नव्हती, असे त्याने सांगितले. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी, पाप याचे की याच्या आईबापांचे, असे विचारले तेव्हा दोन्ही पर्याय त्याने फेटाळले. कर्म, नवस, कोप, साडेसाती यांच्या गणितातून बाहेर पडून ख्रिस्ताकडे आलेल्या मराठी माणसाने मंडळीत पुन्हा तोच हिशेब वेगळ्या शब्दांत मांडावा, हे फार वाईट आहे.

एक व्यवहाराची गोष्टही येथेच सांगितली पाहिजे. ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद करा’ असे कुणी सांगितले, मग तो प्रवचनकार कितीही प्रसिद्ध असो, तर त्याचे ऐकू नये. मधुमेह, फेफरे, क्षय, मानसिक आजार यांची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत. प्रार्थना करावी आणि गोळीही घ्यावी.

सांत्वनाला गेल्यावर काय बोलावे?

कमीत कमी. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा ते त्याच्याजवळ सात दिवस व सात रात्री जमिनीवर बसून राहिले आणि त्याच्याशी एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचे बिघडले ते तोंड उघडल्यावर. त्यांची भाषणे वाचून पाहावीत. एकेक वाक्य सुटे काढले तर भिंतीवर फ्रेम करून लावण्यासारखे आहे. देव न्यायी आहे, देव शिक्षा करतो तशी जखमही बांधतो, त्याच्याकडे वळावे. तरीही शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावर संतापतो, आणि आयुष्यभर पुरेल इतकी तक्रार केलेल्या ईयोबाला आपल्याविषयी यथार्थ बोलणारा म्हणतो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ईयोबाची परीक्षा का होते आहे हे सांगणारे, पहिल्या अध्यायातील स्वर्गात झालेले संभाषण वाचकाला ठाऊक असते. ईयोबाला ते शेवटपर्यंत कळत नाही. देव वावटळीतून त्याच्याशी बोलतो, पण कारण सांगत नाही, आणि ईयोबही ते पुन्हा विचारीत नाही.

आपल्याकडे तरुण मुलगा गेलेल्या घरी काय घडते? ओसरीत सतरंजी अंथरलेली असते, चपलांचा ढीग दारात असतो, आणि येणारा प्रत्येक जण आईसमोर बसून एक वाक्य ठेवून जातो. ‘देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात.’ ‘यात देवाची काहीतरी योजना असणार.’ ‘रडू नका, तो प्रभूजवळ आहे.’ बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. शांतता सहन होत नाही म्हणून तो बोलतो, आणि त्याची अस्वस्थता त्या आईच्या पदरात पडते. लाजरासच्या कबरीकडे जाताना येशू रडला, आणि थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार हे त्याला ठाऊक होते. मग ज्यांना पुढचे काहीच ठाऊक नाही त्यांनी रडणे थांबवण्याची घाई कशाला करावी? पाणी भरून ठेवावे, दफनभूमीच्या कागदपत्रांसाठी कुणाला तरी पाठवावे, लहान मुलांना जेवू घालावे. आणि पाहुणे पांगल्यावर, घर रिकामे झाल्यावर, पुन्हा एकदा जावे. त्या वेळी जाणारे कमी असतात.

वाचायचेच असेल तर स्तोत्रसंहितेतील 88 वे स्तोत्र वाचावे. विलापाची बहुतेक स्तोत्रे अखेरीस स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते. तरीही ते उपासनेच्या गीतांत ठेवले गेले.

गणपतीचा प्रसाद घ्यावा की नाही?

हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण दर भाद्रपदात घरोघरी त्यावरून रुसवे होतात. पहिल्या शतकातील करिंथ शहरातही जवळजवळ हाच प्रश्न होता, आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यासाठी आठव्यापासून दहाव्यापर्यंतचे अध्याय खर्च केले. तिथल्या काही जणांना आपल्याला उत्तर ठाऊक आहे याची खात्री होती: मूर्ती ही काहीच नव्हे, तेव्हा नैवेद्याचे मांस खाण्यात गैर काय? पौल त्यांचा सिद्धान्त खोडत नाही. पण चर्चेचा आरंभच तो असा करतो की, ज्ञान माणसाला फुगवते आणि प्रीती उभारणी करते, आणि आपल्याला काही कळते असे ज्याला वाटते त्याला जसे कळायला हवे तसे अजून कळलेले नाही. मग तो दोन्ही बाजूंना आवर घालतो. मूर्तीच्या पूजेत सहभागी होऊ नये, हे दहाव्या अध्यायात कडक शब्दांत येते. पण बाजारात मिळणारे मांस विवेकासाठी चौकशी न करता खावे, कुणी घरी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते खावे, आणि हे नैवेद्याचे आहे असे कुणी मुद्दाम सांगितलेच, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नये, असेही तो त्याच अध्यायात लिहितो.

म्हणजे एकच नियम सर्वांना लावण्याऐवजी समोरचा माणूस कोण आहे ते पाहायला तो शिकवतो. नुकताच बाप्तिस्मा झालेला तरुण, ज्याला त्या मोदकात अजूनही जुनी भक्ती दिसते, त्याने तो न घेणे योग्य. त्याच्यासमोर आपले स्वातंत्र्य मिरवू नये. ज्या सुनेचे सासर हिंदू आहे आणि सासूबाई मायेने हातावर काहीतरी ठेवतात, तिने काय करावे हे तिच्या विवेकावर सोडावे, आणि दोहोंपैकी काहीही केले तरी मंडळीत तिची चर्चा करू नये. नको म्हणायचे असेल तर ‘आमच्यात चालत नाही’ असे तुसडेपणाने न सांगता हात जोडून, आपल्या विश्वासाचे कारण एका वाक्यात सांगून नको म्हणावे, आणि त्याच घरी जेवायला आनंदाने थांबावे. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाणाऱ्याला तुच्छता करण्यास आणि न खाणाऱ्याला दोष देण्यास एकदमच मनाई करतो. या प्रश्नावर दोन प्रामाणिक ख्रिस्ती माणसे वेगवेगळे वागतील, आणि तसे वागू द्यावे.

नम्रता म्हणजे ‘सगळे धर्म सारखेच’ असे म्हणणे का?

नव्हे. तसे म्हणण्यासाठी सर्व धर्म पूर्णपणे जाणावे लागतील, आणि तो दावा तर फारच मोठा आहे. आपल्याला जे मिळाले ते सांगावे, दुसऱ्याला काय मिळाले नाही याचा निवाडा करू नये. पेत्र आपल्या आशेचे कारण सांगायला सदैव तयार असा म्हणतो, आणि ते सौम्यतेने व आदराने सांगा अशी जोड त्याच वचनात देतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. ख्रिस्ताचे अनन्यत्व त्यांनी कधी पातळ केले नाही, पण त्याची भक्ती त्यांनी अभंगांत आणि कीर्तनांत गायिली, आणि ज्या संतांनी त्यांना घडवले त्यांची निंदा केली नाही. त्यांच्या घरातील वागणूक याहून बोलकी आहे. लक्ष्मीबाईंनी लगेच ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. नवऱ्याबरोबर पुन्हा राहू लागल्यावरही त्यांचे सोवळे, त्यांचा वेगळा स्वयंपाक आणि वेगळे पाणी चालू होते, आणि टिळकांनी त्यासाठी जबरदस्ती केली नाही. जातिभेद हा माणसाचा, देवाचा नव्हे, असे लक्ष्मीबाईंना स्वतः विचार करून पटले, आणि त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. दोन चुलींच्या घरात विश्वासाने राहणे हे टिळकांसारख्या तापट कवीला सोपे गेले नसणार.

आपल्या हिंदू, बौद्ध किंवा मुसलमान आप्तांचे मरणानंतर काय होणार, हा प्रश्न याच्याशी जोडून येतो. जे बाहेर आहेत त्यांचा न्याय देव करील, असे पौल म्हणतो. तो न्याय ज्याच्या हाती आहे, त्याला आपण वधस्तंभावरून ओळखतो. त्यापलीकडे पाऊल टाकू नये.

आणि मंडळीत जात पाळली जाते त्याचे काय?

येथे ‘आम्हाला सर्व उत्तरे ठाऊक नाहीत’ असे म्हणण्याची सोय नाही. ख्रिस्तात यहूदी नाही, ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, हे गलतीकरांस पत्रात उघड लिहिले आहे. सोयरीक जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते, आणि ते विचारणारे पुष्कळदा मंडळीचे जबाबदार सभासद असतात. ज्या गोष्टीत आज्ञा स्पष्ट आहे तिथे गूढतेचा आश्रय घेणे ही नम्रता नव्हे.

जुन्या करारातील संहाराच्या कथा कशा वाचाव्यात?

यहोशवाच्या पुस्तकातील यरीहो किंवा आय येथील वृत्तान्ताची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात: युद्धवर्णनाची प्राचीन अतिशयोक्त शैली, रूपकात्मक अर्थ, देवाचा न्याय. त्यांपैकी एकानेही मनाची टोचणी पूर्णपणे जात नाही, आणि ती जाऊही नये. एक टेकू मात्र आहे. शोमरोनी गावाने आश्रय नाकारला तेव्हा आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी याकोब व योहान यांनी मागितली. येशूने वळून त्यांनाच धमकावले आणि दुसऱ्या गावाची वाट धरली. आपण त्याच्या मागे चाललो आहोत.

मुलांनी डायनोसॉरबद्दल विचारले तर?

शाळेत शिकवतात ते शिकू द्यावे. निसर्गाविषयी अविश्वासी माणसाला जे नीट माहीत असते, त्यावर ख्रिस्ती माणसाने शास्त्राचा हवाला देऊन काहीबाही बोलू नये, असा इशारा ऑगस्टीनने उत्पत्तीवर लिहिताना दिला होता, आणि तो डार्विनच्या कितीतरी आधीचा होता. मुलाला ‘मलाही नीट माहीत नाही, आपण शोधू’ असे म्हणावे आणि खरोखर शोधावे.

प्रार्थनेला शब्दच सुचत नसतील तर उपासनेला जावे का?

जावे. मदर तेरेसा यांना कित्येक दशके देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, हे त्यांच्या खाजगी पत्रांवरून नंतर जगाला कळले. त्या काळात त्यांची प्रार्थना आणि कोलकात्यातील काम दोन्ही चालू होते. आपल्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असे रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना अनेकवचनी आहे; आपण गप्प असलो तरी शेजारचा ती आपल्यासकट म्हणतो. गाणे म्हणवत नसेल तर म्हणू नये. साक्ष देण्याचा आग्रह झाला तर नकार द्यावा. प्रभुभोजनासाठी पुढे जावे की नाही याविषयी मनात घालमेल असेल, तर आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी आधी एकांतात बोलून घ्यावे. आणि कुणी एखाद्या रविवारी बाकावरच बसून राहिले, तर इतरांनी उपासनेनंतर दारात गाठून त्याचे कारण विचारू नये.